पडद्यावरचा अनुस्वार

एकतीस वर्षं मी लोकांचे अनुस्वार तपासून पोट भरलं. पहाटेची लोकल कर्जतहून पकडायची, शंभर किलोमीटर मुंबईला जायचं, छापखान्यात ओल्या प्रुफांवर लाल पेन चालवायचं आणि संध्याकाळी तेवढेच किलोमीटर परत. या धंद्यात माणसाचा डोळा नासतो. लग्नाला गेलो तर पंगतीकडे वळण्याआधी मी कमानीवरच्या ‘सुस्वागतम्’च्या ‘म’चा पाय मोडलाय की नाही ते बघतो. शेजारीपाजारी कुणी गेलं तर वाईट वाटतंच, पण चौकातल्या फलकावर ‘श्रध्दांजली’ दिसली की ते दुःख जरा मागं पडतं.

त्यात गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढून नवी भिंगं बसवली. तेव्हापासून मला मुंगीच्या मिशा दिसतात. ‘भिंतीवरची जळमटं दिसतात का?’ हिनं विचारलं होतं. मी मोठ्या अभिमानानं हो म्हणालो. ‘मग काढा,’ ती म्हणाली.

सांगायचा मुद्दा असा, की पुढं जे घडलं त्यासाठी मी पूर्ण लायक माणूस होतो.

जुना टीव्ही गणपतीत गेला. अनंत चतुर्दशीची मिरवणूक पडद्यावर चालू असतानाच त्याचंही विसर्जन झालं. पाठोपाठ पितृपक्ष लागला. पितृपक्षात शहाणी माणसं मोठी खरेदी करत नाहीत, म्हणून दुकानदार पडेल भावात देतात. आणि पडेल भाव दिसला की आधी माझं शहाणपण पडतं. खोपोलीतल्या एका दुकानात त्रेचाळीस इंची, फोर-के टीव्ही कर्जतपेक्षा दोन हजारांनी स्वस्त होता. घरपोच करायचे सहाशे वेगळे. ते सहाशे वाचवायचे तर टीव्ही लोकलनं आणायचा, असा मी बेत केला. हिनं एवढंच विचारलं, ‘उचलणार कोण?’ बेतात तो तपशील नव्हता.

दुकानातला मुलगा चांगला होता. ‘काका, लावून बघायचा का?’ म्हणाला. पण खोका फोडला की वस्तू वापरलेली वाटते, आणि पितृपक्षात लावलेला टीव्ही हिला चालला नसता. ‘नको, सील असू दे,’ मी म्हणालो. माझ्या हातून छापील चुका पुष्कळ झाल्यात. बोलण्यातली ही सर्वांत महाग.

खोक्यावर वरच्या दिशेचे दोन बाण होते. त्यांचा अर्थ उभाच ठेवा, कारण आत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची काच असते आणि आडवी टाकली की ती स्वतःच्याच वजनानं वाकायला बघते. त्यामुळे लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी अशी सगळी स्टेशनं मी लगेजच्या डब्यात त्या खोक्याला आजारी मामाला धरावं तसा दोन्ही हातांनी धरून उभा होतो. एका दूधवाल्यानं रिकामी किटली त्याला टेकवली म्हणून त्याच्याशी भांडलो. कर्जतला उतरल्यावर पुलाचे जिने आले. मी पुढून ओढत होतो, ही मागून ढकलत होती. कर्जतकराला बँकर म्हटलं की बँकेतला साहेब आठवत नाही. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला भोर घाट चढवण्यासाठी आमच्या स्टेशनात मागून जी जादा इंजिनं जोडतात, ते बँकर. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ आहे, पुढच्या एकट्या इंजिनाच्या जिवावर निघत नाही. आमच्या संसाराचा चढही साधारण तेवढाच. फरक इतकाच, की घाटमाथ्यावर रेल्वे बँकर सोडून देते.

टीव्ही आणला तो सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी. तो उघडायचा मुहूर्त दसऱ्याचा, म्हणजे आणल्यापासून बाराव्या दिवशी. दुकानाची बदलून द्यायची मुदत होती सात दिवसांची. हे गणित चौथीतलं पोर करील. पण नवरात्राच्या त्या नऊ रात्री मी देवघराशेजारच्या त्या खोक्याकडे कौतुकानं पाहण्यात घालवल्या.

दसऱ्याला टीव्ही लागला. हिनं त्याच्या चौकटीला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूची माळ घातली. मुलगी पुण्याहून आली होती, तिनं सगळं जोडून दिलं. चित्र असं, की क्रिकेटच्या मैदानातलं गवत मोजावं. मी तेच करायला गेलो. खुर्ची दोन फुटांवर ओढली. आणि रात्रीच्या एका मालिकेत वाड्यातले दिवे गेले, पडदा काळा झाला, तेव्हा खाली डाव्या बाजूला मला तो दिसला. हिरवा. स्थिर. वाड्यात दिवे आले तरी तो तिथंच, घरजावयासारखा.

पहिल्यांदा मी वर्तमानपत्राची सुरळी करून त्याला मारलं. हलला नाही. शेजारचे नाना आपट्याचं पान द्यायला आले होते. त्यांची सगळी हयात कर्जतच्या भात संशोधन केंद्रात गेलेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून निदान केलं, ‘हिरवा तुडतुडा.’ भात पोटरीवर आला की हे तुडतुडे दिव्यावर येतातच, त्यात वावगं काही नव्हतं. नानांनी त्याच्या अंगावरच्या काळ्या ठिपक्यांची, तो भाताच्या पानातून रस कसा शोषतो त्याची आणि कोणता रोग पसरवतो त्याची माहिती दिली. तुडतुडा शांतपणे ऐकत होता. मग ट्यूबलाइटच्या मागची पाल खाली आली, पडद्यावर सरकली, दबा धरून बसली आणि तिनं जीभ मारली. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा तिनं आमच्याकडे वळून पाहिलं. या घरात पहिली तक्रार पालीनं नोंदवली, हे मला मान्य केलं पाहिजे.

मुलगी म्हणाली, ‘बाबा, तो पिक्सेल अडकलाय. बघू नका तिकडे.’

बघू नका! बातम्यांच्या वाहिन्यांवर खाली जी पट्टी सरकते ना, तिच्या अक्षरांच्या शिरोरेषेच्या नेमका किंचित वर तो ठिपका होता. पट्टी काळी, अक्षरं पिवळी, आणि त्याखालून जाणाऱ्या प्रत्येक अक्षराला क्षणभर अनुस्वार मिळायचा. ‘घरात’चं ‘घरांत’ व्हायचं, ‘पुण्यात’चं ‘पुण्यांत’, ‘नाही’चं ‘नाहीं’. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांनी १९६२ साली ज्या उच्चार नसलेल्या अनुस्वारांना रजा दिली, त्यांतले निम्मे तरी माझ्या दिवाणखान्यात परत कामावर रुजू झाले होते. ज्या डोळ्यानं एकतीस वर्षं हेच उडवलं, त्या डोळ्यानं हे सोसायचं कसं? माझा उजवा हात नकळत लाल पेन शोधायचा.

मग मी अभ्यासाला लागलो. म्हणजे आत काय आहे ते समजून घ्यायला लागलो, जे खरेदीआधी करायचं असतं.

फोर-के पडदा म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके. एकूण ८२,९४,४००. प्रत्येक ठिपक्याच्या पोटात तीन खिडक्या, लाल, हिरवी, निळी. म्हणजे खिडक्या झाल्या २,४८,८३,२००. मागं पांढरा दिवा सतत जळत असतो. प्रत्येक खिडकीला द्रवस्फटिकाची झडप आणि ती झडप हलवायला एकेक चिमुकला ट्रान्झिस्टर. अडीच कोट गडी, प्रत्येकाला एकच काम, दार उघड-दार लाव. त्यातला एक गडी दार बंद करून कायमचा झोपला तर तिथं काळा डाग राहतो, तो डेड पिक्सेल. दार उघडं टाकून झोपला तर त्या रंगाचा ठिपका सतत जळतो, तो अडकलेला. माझा दुसऱ्या जातीचा. म्हणून तर तो पांढऱ्यावर दिसायचा नाही. पांढऱ्यात हिरवी खिडकी उघडी असतेच. गर्दीत एक आगाऊ माणूस खपून जातो. काळ्यावर मात्र तो एकटाच जागा.

या द्रवस्फटिकाची जन्मकथा मला फार आवडली. १८८८ साली फ्रीडरिख राइनित्झर नावाचा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ प्राग शहरात गाजरातून काढलेल्या एका पदार्थावर काम करत होता. तो पदार्थ दोनदा वितळला. १४५.५ अंशांना गढूळ रस झाला, १७८.५ अंशांना स्वच्छ. धड घन नाही, धड द्रव नाही, अशी मधलीच अवस्था, आणि तीच आज आपल्या भिंतीवर टांगलेली. म्हणजे मूळ गाजर आहे. मी हिला म्हटलं, ‘आपला टीव्ही खरोखरच गाजराची पुंगी आहे.’ ती म्हणाली, ‘मग वाजतोय तोवर वाजवा. मोडून खायचं बघू नका.’ तिचं ऐकलं असतं तर हा लेख इथंच संपला असता.

तक्रार करायची तर बिल हवं. बिल मी जपून ठेवलं होतं. इतकं जपून, की आणल्याच्या दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळ जाऊन त्याला लॅमिनेशन करून घेतलं होतं. दुकानातली ती गुळगुळीत पावती थर्मल कागदावर असते. त्यावर शाई नसतेच, उष्णतेनं कागदच काळा पडून अक्षरं उमटतात. लॅमिनेशनच्या तापलेल्या रुळातून ती काळी कुळकुळीत होऊन बाहेर आली होती. मशीनवाला म्हणाला, ‘काका, आधी सांगायचं ना थर्मल आहे.’ मी तरीही ती फाइलला लावली. माझ्याकडे एक डेड पिक्सेलचा टीव्ही नव्हता, पण सगळेच्या सगळे पिक्सेल मेलेलं एक बिल होतं. पुन्हा खोपोली, पुन्हा लोकल, दुसरी प्रत. दुकानदारानं ती हसत हसत दिली आणि पॅनेलचं काय ते कंपनी बघेल, आमच्याकडे सात दिवस, असं हसत हसतच सांगितलं.

वॉरंटीची पुस्तिका मी आता पहिल्यांदा वाचली. सहा पॉइंटाचा टाइप. मागं चार पानं मराठी, आणि त्यात सातव्या कलमात ‘सदोष पॅनेल’ऐवजी ‘सदोप पॅनेल’. मला काय आनंद झाला! कस्टमर केअरच्या मुलीला मी सांगितलं, की तुमच्या अटी सदोप पॅनेलला लागू आहेत, माझं सदोष आहे. तिनं माझा तक्रार क्रमांक मला दोनदा वाचून दाखवला.

चौथ्या दिवशी टेक्निशियन आला. बावीस-तेवीस वर्षांचा, पावसात भिजलेला. झोपाळ्यापाशी उभा राहून त्यानं पडद्याकडे पाहिलं. ‘कुठाय?’ मी खुर्चीकडे बोट केलं. तो दोन फुटांवर बसला. ‘कुठाय?’ मी लाल पेनानं दाखवलं. मग त्यानं मोबाइलवरून पडदा आधी काळा केला, मग लाल, हिरवा, निळा, पांढरा. हे पाच रंग दुकानातच लावून बघायचे असतात, हेही त्यानं जाता जाता सांगितलं. मी हिच्याकडे पाहिलं नाही.

‘एकच आहे, काका.’

‘हो, एकच.’

‘तीन लागतात.’

मला वाटलं सह्या. तो कंपनीचं धोरण सांगत होता. तीन चमकते ठिपके भरले तर पॅनेल बदलून मिळणार, त्याखाली दोष नव्हे. ‘दोष नव्हे म्हणजे काय? दिसतोय ना?’ मी म्हणालो. ‘दिसतोय,’ तो म्हणाला, ‘पण बसत नाही.’

बसत नाही ते कशात, हे शोधताना मला जगाचा न्याय कळला. पडद्यांवर किती दोष चालतील यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. २००१ साली आयएसओचं १३४०६-२ आलं, २००८ साली त्याची जागा ९२४१ क्रमांकाच्या मालिकेनं घेतली. मुळात ते टीव्हीसाठी नव्हेच. कचेरीत दिवसभर पडद्यापुढे बसणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी. त्या जुन्या मानकात पहिल्या वर्गाच्या पडद्यावर एकही दोष चालत नाही. पण दुसऱ्या वर्गात, आणि धंदा मुख्यतः याच वर्गावर चालला, दहा लाख ठिपक्यांमागे दोन सतत उजळ, दोन सतत काळे आणि अडकलेल्या खिडक्या पाच, एवढे माफ. मी पाटीपेन्सिल घेतली. माझ्या पडद्याला लावलं तर उजळ सोळा, काळे सोळा, खिडक्या एक्केचाळीस. एकूण त्र्याहत्तर! त्या हिशेबानं माझे बहात्तर ठिपके अजून यायचेच होते. मला एकदम श्रीमंत झाल्यासारखं वाटलं आणि लगेच लाज वाटली. कंपनी तीनवर पॅनेल बदलते म्हणजे मानकापेक्षा उदारच म्हणायची.

कारखान्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. सुमारे सव्वादोन मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब अशा एकाच काचेवर हे सगळे ट्रान्झिस्टर उमटवतात आणि मग मोठ्या पोळीचे शंकरपाळे कापावेत तसे पडदे कापतात. पंचावन्न इंचांचे सहा निघतात. प्रत्येक शंकरपाळा डागाशिवाय हवा म्हटलं तर निम्मी परात फेकावी लागेल, आणि तिचा पैसा उरलेल्यांवर चढेल. नानांनी हे आपल्या भाषेत समजावलं. तांदळाच्या हजार दाण्यांचं वजन वीस ग्रॅम धरा. तुमचे ठिपके जवळजवळ त्र्याऐंशी लाख. म्हणजे एकशे सहासष्ट किलो तांदूळ, पन्नास किलोची सव्वातीन पोती. ‘सव्वातीन पोत्यांत एक खडा,’ नाना म्हणाले, ‘माझ्या अख्ख्या नोकरीत असा स्वच्छ तांदूळ मी पाहिला नाही.’

‘पण तो माझ्या दाताखाली आला ना!’

‘तुम्ही जेवत नाही हो,’ ही आतून म्हणाली, ‘तुम्ही खडेच शोधत बसता. आणि तुमच्या पुस्तकांतले खडे? त्या खताचं विसरलात?’

विसरेन कसा. एका सहकारी चळवळीतल्या ज्येष्ठांचं आत्मचरित्र होतं. शेवटच्या प्रकरणाचं नाव ‘आयुष्यभराची एकच खंत’. माझ्या तीन वाचनांतून ते सुटलं आणि छापून आलं ‘आयुष्यभराची एकच खत’. लिंग चुकलं होतं, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मागच्या दोन प्रकरणांत युरियाच होता. एका वाचकानं तर सुपर फॉस्फेटबद्दल शंका विचारणारं पत्र पाठवलं. पुस्तकाला शुद्धिपत्र जोडलं, त्यात चौतीस दुरुस्त्या होत्या, आणि शुद्धिपत्रात एक चूक. तेव्हा मी प्रकाशकाला काय म्हणालो होतो? ‘साहेब, एवढ्या मजकुरात एवढं चालतं.’

एवढं आठवूनही मी थांबलो नाही. उलट त्या दिवसापासून माझ्या प्रार्थनेची दिशा फिरली. आधी मी म्हणायचो, देवा, तो ठिपका जाऊ दे. आता म्हणू लागलो, देवा, आणखी दोन दे. रोज रात्री दिवे मालवून, छपाईतले ठिपके जोखायचं जुनं भिंग डोळ्याला लावून मी पडदा वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीनं वाचायचो, उजवीकडे जाऊन खाली उतरायचो, प्रुफासारखा. बाहेरून पाहणाऱ्याला म्हातारा टीव्हीचा मुका घेतोय असं वाटलं असेल. दिवे गेले की काम थांबायचं. खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून वीज करतंय, ती तेव्हा मुंबईच्या गिरण्यांना गेली. आमच्या वाट्याला अजून आकाशात वीज चमकली की घरातली जाते.

आणि अकराव्या रात्री सापडला! पिवळा! पिवळा हे साधं नव्हे. पिवळी खिडकी नसतेच. लाल आणि हिरवी एकदम उघडी राहिली की पिवळा दिसतो. म्हणजे दोन खिडक्या अडकल्या. आधीची एक आणि या दोन, तीन! मी ओरडलोच. ही झोपेतून उठून आली, दिवा लावला, पदराचं टोक जिभेला लावून त्या जागी फिरवलं आणि पदर माझ्यापुढे धरला.

‘हळद,’ ती म्हणाली. ‘दसऱ्याची.’

आता उरला कायद्याचा मार्ग. ग्राहक चळवळीत उमेदीची वर्षं घालवलेले एक गृहस्थ आमच्या आळीत राहतात. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हापासूनचे दाखले त्यांना तोंडपाठ. बिंदूची तक्रार घेऊन बिंदुमाधवांच्या अनुयायाकडे जाणं मला शुभ वाटलं. त्यांनी सगळं नीट सांगितलं. पहिला कायदा १९८६चा, त्यावर २४ डिसेंबरला सही झाली म्हणून तो दिवस ग्राहक दिन. आता २०१९चा कायदा, २० जुलै २०२०पासून लागू. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लागत नाही. आधी १९१५ या क्रमांकावर फोन करून बघावा. (हा क्रमांक आणि खोपोलीच्या वीजकेंद्राचं साल एकच, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.)

‘आणि जिल्हा आयोग कुठं?’

‘अलिबागला.’

ही फस्सकन हसली. ‘मी काय अलिबागहून आलोय का’ असं आम्ही मुंबईच्या वाटेवरचे लोक उठसूट म्हणतो. त्या म्हणण्याविरुद्ध अलिबागच्या एका रहिवाशानं उच्च न्यायालयात याचिकाही केली होती. २०१९ साली ती फेटाळली गेली. मी मात्र तेव्हाच ठरवलं, की हे वाक्य पुन्हा उच्चारायचं नाही. शहाणपण मागायला आम्हाला जायचं होतं तिकडेच.

गृहस्थांनी मग एकच अवघड प्रश्न विचारला. कायद्यात दोष म्हणजे नुसती उणीव नव्हे. कायद्यानं, करारानं किंवा विक्रेत्याच्या दाव्यानं जो दर्जा पाळायला हवा, त्यातली उणीव. ‘तीन ठिपक्यांची अट तुम्हाला विकत घेताना सांगितली होती का?’

‘नाही!’ मी उसळलो.

‘मग तोच तुमचा मुद्दा. तुम्ही विचारलं होतंत का?’

‘नाही.’

‘दुकानदारानं लावून दाखवतो म्हटलं होतं का?’

मी छताकडे पाहिलं. ‘हो,’ ही म्हणाली.

तरीही त्यांनी अर्ज लिहून ठेवा म्हणून सांगितलं, आणि बजावलं, ‘तोवर टीव्हीला हात लावू नका.’

मी हात लावला नाही. खोडरबर लावलं. कुणीतरी सांगितलं होतं की अडकलेल्या ठिपक्यावर मऊ वस्तूनं हलका दाब देत चोळलं, की झडप सुटते कधीकधी. कधीकधी हा शब्द मी वाचला, हलका हा वगळला. पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरानं, जिभेचं टोक दातांत धरून, मी पाऊण तास तो अनुस्वार खोडत होतो. आणि सांगायला आनंद होतो, की तो गेला. पडदा काळा केला, स्वच्छ. एकतीस वर्षांच्या कारकिर्दीत एवढी समाधानकारक दुरुस्ती मी केली नव्हती. ‘अगं, गेला!’ म्हणून हिला हाक मारली. मुलीला पुण्याला फोन केला. नानांना बोलावलं. चहा झाला.

सकाळी बातम्या लावल्या. वाहिनीचा पडदा पांढरा झाला आणि त्याच जागी एक राखी ढग दिसला. दोन रुपयांच्या नाण्याएवढा, खालून गोल, वरून खोलगट. नीट पाहिल्यावर ओळख पटली. अर्धचंद्र होता तो. ‘ॲ’वर देतात ना, तो. अनुस्वार पुसून मी त्याच्या जागी अर्धचंद्र काढला होता, आणि हा झोपाळ्यावरून दिसत होता. स्वयंपाकघरातूनही दिसत होता. रस्त्यावरून जाणाऱ्या दूधवाल्यानंही विचारलं.

तोच टेक्निशियन आला. बिचारा खूश झाला. ‘डॉट गेला की हो, काका!’ मग त्यानं पांढरा रंग लावला आणि गप्प बसला. काचेच्या दोन थरांमधलं अंतर दाबानं बिघडलं, की असा ढग येतो. त्याला तीन लागत नाहीत, एकच पुरतो. पण तो फिजिकल डॅमेज, आणि फिजिकल डॅमेज वॉरंटीत नाही. नवं पॅनेल टाकायचं तर टीव्हीच्या किमतीच्या पाऊणपट. फॉर्मवर कारण लिहायचं होतं. त्यानं विचारलं, ‘कशानं दाबलंत?’ मी पेन्सिल दाखवली. त्यानं ‘पेन्सिल’मधली वेलांटी दीर्घ काढली. मी काही बोललो नाही.

वॉरंटी या शब्दात अर्धचंद्रही आहे आणि अनुस्वारही. माझ्या वाट्याला दोन्ही आले, एकामागून एक, आणि अर्धचंद्र तर कंपनीनंही दिला.

अर्ज अजून टेबलाच्या खणात आहे. त्यात मी वस्तुस्थिती लिहायला घेतली, की प्रत्येक वाक्याचा कर्ता मीच निघतो. हिनं टीव्हीच्या त्या कोपऱ्यापुढे मनी प्लँटची बाटली ठेवली आहे, बातम्यांची पट्टी आता तिच्या पानांतून जाते. पाल मात्र अजून रोज रात्री साडेनऊला येऊन त्या जागी बसते.

हा लेख मी तीनदा तपासला आहे. तरीही एखादा अनुस्वार कमी-जास्त आढळलाच, तर वाचकांनी संपादकांना पत्र टाकावं. घरच्या घरी खोडरबर लावू नये.